आधी चाळण, मग घण

मराठीत फोडण्यासाठी किती क्रियापदं आहेत, हे एकदा बोटांवर मोजून पाहावं. नारळ फोडतात, लसूण ठेचतात, डाळ भरडतात, गहू दळतात, मसाला कुटतात, भात कांडतात, चटणी वाटतात, औषध खलतात. प्रत्येक शब्दामागे एक वेगळं अवजार उभं आहे आणि त्यातून निघणारा दाणा केवढा असावा, याचा हिशेबही. ‘डाळ दळून आण’ आणि ‘डाळ भरडून आण’ या दोन वाक्यांत गिरणीवाल्याची गफलत झाली, तर वड्यांचा बेत बदलून पिठल्यावर यावं लागतं.

लापशीसाठी गहू भरडणारी बाई काय करते, हे तर त्याहून पाहण्यासारखं. ती गहू जात्यातून एकदा काढते आणि चाळते. चाळणीखाली पडलेलं बाजूला ठेवते. वर राहिलेले जाडे दाणेच तेवढे पुन्हा जात्याच्या तोंडात घालते. सगळंच पुन्हा घातलं, तर जाडे दाणे मोडेपर्यंत आधीच्या चांगल्या कण्यांचं पीठ झालेलं असतं, आणि त्या पिठाची लापशी होत नाही, खळ होते.

हे प्रकरण कोळसा फोडण्याच्या आणि चाळण्याच्या यंत्रांचं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांची सगळी प्रगती या जात्याच्या नियमातच मावते. कोळसा फोडणं अवघड नाही. तो ठिसूळ आहे, घण बसला की फुटतो. अवघड आहे ते गरजेपेक्षा जास्त न फोडणं. हे शिकायला जगाला दीडशेहून अधिक वर्षं लागली, आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री आपण ते अजूनही विसरतो.

ढेकूळ, खडा, पीठ

खाणीतून जसा निघतो तसा कोळसा म्हणजे ‘रन ऑफ माइन’. खाणीतली माणसं त्याला नुसतं ‘आरओएम’ म्हणतात. सुरुंग लावून उडवलेल्या थरातून यांत्रिक फावड्यानं उचललेल्या या मालात मीटरभराचे धोंडे असतात, मुठीएवढे खडे असतात आणि भुकटीही असते. सोबत दगड, माती, शेल खडकाच्या पट्ट्या आणि कधीकधी खाणयंत्राचा तुटलेला दातसुद्धा.

असा माल कुणालाच नको असतो. वीज केंद्राच्या चक्कीला साधारण २० ते २५ मिलिमीटरच्या आतला खडा लागतो. स्पंज आयर्नच्या भट्टीला लहान पण भुकटी नसलेला कोळसा हवा असतो. कोळसा धुणाऱ्या वॉशरीला तुकडे असे हवेत, की दगड आणि कोळसा एकमेकांपासून सुटावेत, पण चुरा होऊ नये, कारण बारीक चुरा धुणं महाग आणि किचकट असतं. कोळशाच्या बाजारात ढेकळांच्या ‘स्टीम’ कोळशाला चुऱ्याच्या ‘स्लॅक’पेक्षा चांगला भाव येतो, तो उगाच नाही.

आता एक साधं गणित करू. एक मीटर बाजूचा कोळशाचा ठोकळा घ्या, सव्वा-दीड टनांचा. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर. त्याचे १० सेंटिमीटर बाजूचे हजार ठोकळे केले, तर पृष्ठभाग ६० चौरस मीटर होतो. एक सेंटिमीटरचे केले तर ६००. आणि एकदशांश मिलिमीटरचे केले, तर ६०,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १५ एकर. एका ठोकळ्याच्या पोटात पंधरा एकरांचं शेत दडलेलं असतं.

जळण्याची क्रिया पृष्ठभागावर होते. म्हणून बॉयलरमध्ये जाताना हे शेत उघडावंच लागतं. वीज केंद्रातली चक्की कोळसा इतका बारीक दळते, की साधारण ७० टक्के पीठ ७५ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या तेराव्या हिश्शाएवढ्या भोकातून पडावं. इथे चाणाक्ष वाचक विचारेल, की शेवटी पीठच करायचं आहे, तर आधीच चुरा झाला म्हणून बिघडलं कुठे?

बिघडतं ते वेळेत आणि जागेत. चक्की बंदिस्त असते. तिच्यात गरम हवा खेळते, आणि पीठ झालं की हवा ते उचलून थेट ज्वाळेत नेते. दळणं आणि जाळणं यांत काही सेकंदांचं अंतर असतं. पण खाणीत किंवा क्रशरमध्ये झालेला चुरा दिवसेंदिवस उघड्यावर राहतो. त्याच पंधरा एकरांवर हवेतला ऑक्सिजन काम करतो, ढीग आतून तापतो आणि धुमसू लागतो. वारा सुटला की चुरा आसपासच्या घरांत जातो. पाऊस आला की त्याचा चिखल होतो. आणि बंद जागेत हवेत उडालेल्या कोरड्या चुऱ्याला ठिणगी लागली, तर काय होतं हे फ्रान्समधल्या कूरिएर इथल्या खाणीनं १० मार्च १९०६ रोजी दाखवलं. कोळशाच्या धुळीच्या त्या स्फोटात १,०९९ माणसं गेली.

चुरा हा कोळसाच असतो, फक्त चुकीच्या ठिकाणी लवकर दळलेला.

तांदळाएवढा कोळसा

कोळसा यंत्रानं फोडून चाळण्याची गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात. तिथला अँथ्रासाइट हा कठीण, चमकदार, कमी धुराचा कोळसा घराघरांतल्या शेगड्यांत जाळला जाई. शेगडीचं एक तंत्र असतं. तुकडे सारख्या मापाचे असले, तरच मधून हवा नीट खेळते. मोठ्यांच्या फटीत बारीक जाऊन बसले, की शेगडी कोंडते. त्यामुळे गिऱ्हाईक मापाचा कोळसा मागू लागलं.

सुरुवातीला मजूर भोकं पाडलेल्या बिडाच्या पत्र्यांवर कोळसा पसरून हातोड्यानं फोडत. मापाचा झाला, की तुकडा आपोआप भोकातून खाली पडे. पाहा, फोडणं आणि चाळणं इथे एकाच जागी होतं. १८४४ मध्ये मायनर्सव्हिलजवळच्या एका खाणीवर फिलाडेल्फियाच्या जोसेफ बॅटिनचं यंत्र बसलं. समोरासमोर फिरणारे दातेरी रूळ कोळसा चावत आणि खाली गोल फिरणाऱ्या जाळ्या त्याला मापाप्रमाणे वेगळं करत. मग अशा यंत्रांसाठी खाणीखाणीवर उंच लाकडी इमारती उभ्या राहिल्या. त्यांना ‘ब्रेकर’ म्हणत. कोळसा वरच्या टोकाला चढवायचा आणि उतरंडीवरून खाली येता येता फोडायचा, चाळायचा, निवडायचा.

या मापांची नावं मोठी घरगुती होती. अंडं, चेस्टनट, वाटाणा, बकव्हीट, तांदूळ, जव. कोळशाच्या बाजारात जणू वाणसामानाची यादी. पण सुरुवातीच्या काळात वाटाण्याएवढ्या आणि त्याहून बारीक मालाला गिऱ्हाईकच नव्हतं. दातेरी रूळ मात्र तो भरपूर काढत. खाणींभोवती त्या टाकाऊ चुऱ्याचे काळे डोंगर उभे राहिले. जमिनीखालून जीव धोक्यात घालून काढलेला कोळसा यंत्रानं बारीक केला म्हणून फेकला जात होता. पुढे बारीक कोळसा जाळणाऱ्या भट्ट्या आल्या, तेव्हा तेच डोंगर पुन्हा खणून, चाळून विकले गेले.

आणि निवडण्याचं काम? ते मुलं करत. उतरत्या पन्हळींवर आडव्या फळ्या टाकलेल्या असत. त्यांवर बसून आठ-दहा वर्षांची पोरं पायांमधून वाहणाऱ्या कोळशातला दगड वेचत. दिवसाचे दहा तास, आठवड्याचे सहा दिवस. हातमोजे घालायची परवानगी नसे, कारण मोज्यांतून दगडाचा गुळगुळीतपणा कळत नाही. नव्या पोराची बोटं सुजत, फुटत, लाल होत. पेनसिल्व्हेनियानं १८८५ मध्ये ब्रेकरमध्ये कामाला किमान १२ वर्षांची अट घातली, पण वय खोटं सांगणं कठीण नव्हतं. जानेवारी १९११ मध्ये लुईस हाइन या छायाचित्रकारानं पिट्स्टनच्या ब्रेकरमध्ये या मुलांचे फोटो काढले. काळवंडलेल्या चेहऱ्यांच्या त्या रांगा बालमजुरीविरुद्धच्या चळवळीचा चेहरा झाल्या. कायदे कडक झाले आणि पाण्याच्या झोतानं दगड-कोळसा वेगळा करणारी यंत्रंही आली. मुलांची जागा घेणारं यंत्र मुलांहून स्वस्त पडू लागलं, हेही त्यांच्या सुटकेचं एक कारण होतं.

कोळशालाच विचारा

या साऱ्या गोंधळात एक यंत्र फार हुशार निघालं. हेझेकिया ब्रॅडफर्ड यांच्या नावानं ते आजही ओळखलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या या यंत्रात ना घण आहे, ना दात.

एक भलंमोठं पोलादी पिंप आडवं ठेवलेलं आहे, अशी कल्पना करा. त्याच्या भिंतीला सगळीकडे हव्या त्या मापाची भोकं. आतून फळ्या लावलेल्या. पिंप सावकाश फिरतं, मिनिटाला साधारण डझन-दीड डझन फेरे. एका टोकानं कोळसा आत येतो, फळ्या त्याला उचलून वर नेतात आणि माथ्यावरून सोडून देतात. कोळसा आपल्याच वजनानं आपटतो आणि फुटतो. मापाचा झालेला तुकडा पुढच्या भोकातून बाहेर पडतो, पुन्हा आपटी खायला आत राहतच नाही. आणि दगड? तो आपटूनही फुटत नाही. फिरत फिरत दुसऱ्या टोकाला जातो आणि बाहेर फेकला जातो.

एकाच पिंपात फोडणं, चाळणं आणि निवडणं. खालच्या पन्हळीवरच्या पोरांचं अर्धं काम गुरुत्वाकर्षणानं करून टाकलं. यंत्रात अक्कल कशी घालावी, याचा हा नमुना आहे. फोडायची ताकद इतकीच ठेवायची, की जे फुटायला हवं तेच फुटेल.

मर्यादा त्यालाही आहेत. कोळसा मऊ आणि दगड कठीण असेल, तिथे पिंप उत्तम चालतं. आपल्या गोंडवन काळातल्या कोळशाची गोष्ट जरा वेगळी. नद्यांनी वाहून आणलेल्या वनस्पतींबरोबर चिकणमातीही साचली आणि राख कोळशाच्या अंगात भिनली. ३५-४० टक्के राखेचा कोळसा आपल्याकडे नवलाचा नाही. शेल आणि कोळसा यांच्या कठीणपणात जिथे फारसा फरक उरत नाही, तिथे पिंपाला दोघांतला भेद ओळखता येत नाही.

घण, कडी आणि दात

पदार्थ फोडायचे दोन ढोबळ मार्ग आहेत. दाबून किंवा आपटून. खडी क्रशर आपण रस्त्याच्या कडेला पाहतो. त्यातले जबडे दगड दाबून फोडतात. अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या एली व्हिटनी ब्लेक यांनी रस्त्याची खडी करण्यासाठी हा जबडा बनवला आणि १८५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दगडाला तो चांगला. कोळशाला मात्र तो फार दांडगा पडतो, त्यातून चपट्या चिपा आणि भुकटी दोन्ही निघतात.

हॅमर मिल आपटून फोडते. वेगानं फिरणाऱ्या दांड्याला घण लटकवलेले असतात. त्यांचा मारा बसला की कोळसा उडून समोरच्या पत्र्यावर आपटतो. पण घण मोठा तुकडा आणि लहान तुकडा यांत फरक करत नाही. समोर येईल त्याला मारतो.

आपल्या बहुतेक वीज केंद्रांत दिसतो तो ‘रिंग ग्रॅन्युलेटर’. यात घणांऐवजी जाडजूड पोलादी कड्या असतात, काही गुळगुळीत, काही दातेरी. रोटर मिनिटाला ६०० ते ७५० फेरे घेतो, आणि त्यावर सैल अडकवलेल्या कड्या कोळशाला आधी आपटतात, मग खालच्या गजांच्या पिंजऱ्यावर लोळवत दाबतात. गजांच्या फटींतून मापाचा माल खाली जातो. न फुटणारं काही आलं, तर कडी मागे सरते आणि रोटर वाचतो. ठोसा थोडा, दाब थोडा. हॅमर मिलपेक्षा चुरा कमी.

या कड्यांच्या धातूची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८८२ मध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी पोलादात १२-१३ टक्के मँगनीज मिसळलं आणि एक विलक्षण धातू मिळाला. जितका ठोकावा, तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो आणि गाभा मात्र चिवट राहतो. मार खाऊन टणक होणारं हे पोलाद क्रशरच्या भागांसाठी वरदान ठरलं. पण त्याला मारच हवा. नुसतं घासत राहिलं, तर ते टणक होत नाही, झिजत राहतं. राखेतल्या वाळूच्या कणांनी घासणाऱ्या कोळशासाठी म्हणून जास्त क्रोमियमच्या मिश्रधातूंकडे वळावं लागतं. कोणता भाग मार खातो आणि कोणता घासला जातो, हे ओळखणं ही देखभाल करणाऱ्या फिटरची खरी विद्या.

त्याच मँगनीज पोलादाची एक खोडही आहे. ते चुंबकाला चिकटत नाही. पट्ट्यावरून येणाऱ्या कोळशात खिळा, बोल्ट, साखळी असली, तर वर टांगलेला चुंबक ती उचलतो. पण फावड्याचा तुटलेला दात अनेकदा मँगनीजचा असतो. चुंबकाखालून तो डोळ्यांदेखत निघून जातो आणि क्रशरमध्ये शिरतो. म्हणून चुंबकाच्या पुढे मेटल डिटेक्टर लावतात. तो पट्टा थांबवतो आणि मग माणूस हातानं दात वेचून काढतो. शंभर वर्षांनंतरही पट्ट्यावरून काही वेचायला हात लागतोच.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ॲलन पॉट्स यांच्या एमएमडी कंपनीनं ‘सायझर’ आणला, आणि विचाराची दिशाच बदलली. खडक काय, कोळसा काय, दाबाला जितका टिकतो त्याच्या साधारण एक दशांश ताणालाच टिकतो. खडूची कांडी चिमटीत दाबून फोडायला जोर लागतो, वाकवली की टचकन मोडते, तसंच. सायझरमध्ये दोन जाड दांडे शेजारी फिरतात, त्यांवर मोठाले दात. गती अगदी कमी, जोर मात्र प्रचंड. दात ढेकळाला दोन-तीन बिंदूंत पकडतात आणि वाकवून मोडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधीच लहान असलेला माल दातांच्या मधल्या मोकळ्या जागेतून न चावता खाली निघून जातो. क्रशर स्वतःच चाळणी झाला. जात्याच्या तोंडाशी बसलेली बाईच जणू आत जाऊन बसली.

भोक सापडायला किती उड्या?

आता चाळणी. आपण समजतो, की भोकापेक्षा लहान दाणा खाली पडतो आणि मोठा वर राहतो. हे पूर्ण खरं नाही. पडायला दाण्याला भोक सापडावं लागतं.

२० मिलिमीटरच्या चौकोनी भोकांची जाळी घ्या, मधली तार ५ मिलिमीटर जाड. ५ मिलिमीटरचा गोल खडा सरळ वरून पडला, तर तारेला न शिवता भोकातून जाण्याची शक्यता शंभरात ३६. १० मिलिमीटरच्या खड्याला शंभरात १६. आणि १८ मिलिमीटरच्या खड्याला? तोही भोकापेक्षा लहानच आहे. पण त्याची शक्यता हजारात सहा-सात. सरासरी दीडशेहून अधिक उड्या माराव्यात, तेव्हा एकदा बरोबर मधोमध पडणार.

म्हणून चाळणी हलवावी लागते आणि म्हणून ती लांब असावी लागते. सहा मीटर लांबीची जाळी सेकंदाला १५ हादरे देत असेल आणि माल सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल, तर खड्याला १२ सेकंदांत १८० संधी मिळतात. एवढ्या संधींनंतरही १८ मिलिमीटरचे तीनांतले साधारण दोनच खाली जातात. तिसरा विनाकारण क्रशरमध्ये जातो. हा हिशेबही एकेकटा खडा उडतो असं धरून केलेला. जाळीवर वीतभर जाडीचा थर असेल, तर वरच्या थरातल्या खड्याला जाळी दिसतच नाही.

थर पातळ ठेवायचा, ही मग चाळणीसुधारणेची किल्ली झाली. ‘बनाना स्क्रीन’ हे तिचं एक उत्तर. ही चाळणी केळ्यासारखी वाकडी असते. सुरुवातीला ३० अंशांहून तीव्र उतार, पुढे कमी कमी होत जवळजवळ सपाट. माल जिथे सगळ्यात जास्त, तिथे तो भरधाव जातो, म्हणून थर पातळ राहतो आणि बारीक माल तिथेच पडून जातो. पुढे उरतात ते भोकाच्या मापाशी घुटमळणारे हट्टी खडे. त्यांना उड्या मारायला निवांत वेळ हवा, म्हणून तिथे उतार मंद. पाखडताना आपण सुपाला आधी जोरात आणि मग हलके हलके झटके देतो, तोच शहाणपणा.

विदर्भातला श्रावण

वर्धा खोऱ्यातला कोळसा चंद्रपूर, वणी, माजरी, बल्लारपूरच्या पट्ट्यात निघतो. नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स १९७५ पासून तो काढते, आणि चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं केंद्र त्याच पट्ट्यात उभं आहे. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारानं चालला, तर तासाला ३०० ते ३५० टन कोळसा खातो. म्हणजे एका संचाला रोज मालगाडीचे जवळजवळ दोन रेक.

उन्हाळ्यात हे सगळं रुळावर चालतं. त्रास सुरू होतो तो पावसाळ्यात. कोरडा कोळसा चाळता येतो. भरपूर पाण्यात भिजवलेला कोळसाही चाळता येतो, वॉशरीत तेच करतात. चाळता येत नाही तो दमट कोळसा. पाण्याचं पातळ आवरण दोन कणांना चिकटवून ठेवतं. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, कोरडीचा किंवा पाण्याखालचा राहत नाही, त्याचं हेच कारण. त्यात आपल्या कोळशातली चिकणमाती मिसळली, की कणीक तयार.

कुठल्याही केंद्रातलं क्रशर हाऊस घ्या, ऑगस्टची रात्रपाळी. पट्ट्यावरून येणारा माल काळा नाही, काळपट तपकिरी आणि चकचकीत. जाळी थरथरते आहे, पण खाली काहीच पडत नाही. भोकांवर मातीचा लेप बसला आहे आणि सगळा माल जाळीवरून घसरगुंडीसारखा क्रशरकडे निघाला आहे. हेल्पर फोनवर ओरडतो, “भाऊ, जाळी पुन्हा बुजली! बेल्ट बंद करा!” मग दोघं-तिघं पहार आणि बांबू घेऊन माल खाली सोडणाऱ्या चूटच्या झरोक्यात वाकतात. अर्ध्या तासानं पट्टा सुरू होतो. तासाभरानं पुन्हा फोन.

या रात्रीसाठी निघालेलं यंत्र म्हणजे ‘फ्लिप-फ्लो’ चाळणी. तिची जाळी पोलादाची नसते, रबरासारख्या लवचिक पॉलियुरेथेनची असते. ती तुकड्यातुकड्यांनी आडव्या दांड्यांवर ताणलेली असते. दांडे एकमेकांजवळ आले की जाळी सैल पडते, दूर गेले की फटकन ताणली जाते. दोघींनी दोन टोकं धरून गोधडी झटकावी, तसं. नेहमीची चाळणी गुरुत्वाकर्षणाच्या चार-पाच पट झटका देते, इथे तो पन्नास पटींपर्यंत जातो. शिवाय दर झटक्याला भोक स्वतःच किंचित वेडंवाकडं होतं, त्यामुळे त्यात अडकलेला खडा सुटतो. चाळणीची चौकट मात्र तेवढी हलत नाही, म्हणून इमारतीला हादरे बसत नाहीत.

दुसरं उत्तर ‘रोलर स्क्रीन’. इथे जाळीच नाही. एकाच दिशेनं फिरणाऱ्या रोलरांची रांग, मधल्या फटींतून बारीक माल खाली, मोठा माल रोलरांच्या पाठीवरून पुढे. सतत फिरणारी फट बुजायला वेळ लागतो. मोठ्या मालाची मापं इतकी काटेकोर निघत नाहीत, पण ही चाळणी पावसात सुरू राहते. चालू असलेली बरी चाळणी बंद पडलेल्या उत्तम चाळणीपेक्षा केव्हाही चांगली.

घण उचलण्याआधी

चुरा टाळण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ढेकूळच होऊ न देणं. ‘सरफेस मायनर’ हे यंत्र सुरुंगाशिवाय कोळसा काढतं. पोटाखाली दातेरी ढोल फिरतो आणि किसणीवर नारळ किसावा तसा थर किसत जातो. बाहेर पडणारा माल बहुतांशी १०० मिलिमीटरच्या आत, म्हणजे पहिल्या क्रशरचं काम खाणीतच उरकलं. ओडिशात महानदी कोलफील्ड्सच्या लखनपूर खाणीत १९९९ साली ते आलं, आणि आज कोल इंडियाच्या उघड्या खाणींतला मोठा वाटा याच यंत्रांनी निघतो. थर किसता किसता मधली शेलची पट्टी वेगळी काढून टाकता येते, हा आणखी एक फायदा. पण इथेही जात्याचा नियम सुटत नाही. दात बोथट झाले, की ढोल कोळसा कापत नाही, घासतो, आणि चुरा वाढतो.

ऊर्जेचा हिशेबही हेच सांगतो. फ्रेड बॉन्ड यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार तुकडा जितका लहान, तितकी त्याला आणखी लहान करायला वीज जास्त लागते. ३०० मिलिमीटरच्या ढेकळाचे २० मिलिमीटरचे खडे करायला जितकी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे वीसपट त्या खड्यांचं ७५ मायक्रॉनचं पीठ करायला लागते. फोडणं स्वस्त, दळणं महाग. त्यासाठी बनलेल्या चक्कीलाच ते करू द्यावं. क्रशर दळायला लागला, की वीज जाते, कड्या झिजतात आणि हाती येतो तो चिखल.

एका दांड्याची गोष्ट

एवढी सगळी यंत्रं आली. दात आले, कड्या आल्या, वाकड्या चाळण्या आणि झटकणाऱ्या जाळ्या आल्या. तरी अनेक जुन्या केंद्रांत चाळणीच्या बाजूला एक पन्हळ असते आणि तिच्या तोंडाशी एक झडप. झडपेचा दांडा ओढला, की माल चाळणीला वळसा घालून सरळ क्रशरमध्ये जातो. दुरुस्तीच्या वेळी काम थांबू नये, म्हणून केलेली ही सोय.

ऑगस्टच्या त्या रात्री जाळी चौथ्यांदा बुजते, तिकडे चक्क्यांना कोळसा पुरवणाऱ्या बंकरमधली पातळी उतरत असते, आणि नियंत्रण कक्षातून तिसऱ्यांदा विचारणा होते. मग कुणीतरी तो दांडा ओढतो. माल धो धो सुरू होतो. तासभर सगळ्यांना बरं वाटतं. ढेकळांबरोबर चिखल आणि चुराही क्रशरमध्ये जातो, कड्या त्याची कणीक मळतात, पिंजऱ्याच्या फटी लिंपल्या जातात, आणि पहाटे चाळणीऐवजी क्रशरच बसतो. जाळी साफ करायला अर्धा तास लागत होता. पिंजरा मोकळा करायला अख्खी पाळी जाते.

म्हणून एखाद्या केंद्रात यंत्रं किती नवी आहेत हे पाहायचं असेल, तर क्षमतेच्या पाट्या वाचू नयेत. पावसाळा संपता संपता चाळणीशेजारच्या त्या दांड्याजवळ जाऊन उभं राहावं. दांडा हातांच्या घामानं गुळगुळीत चमकत असेल, तर समजावं, की इथे सगळं पुन्हा जात्यात जातं आहे. त्यावर गंज चढला असेल आणि कोपऱ्यात कोळ्यानं जाळं विणलं असेल, तर ती जाळी न बुजल्याची खूण आहे.